चक्क्याचा खिळा

मतनियाज आगांना करायचं होतं ते एवढंच, की ओसरीच्या खांबाचा कुजलेला बुडखा बदलायचा. खांब एक, बुडखा वीतभर. एवढ्यातून मोहल्ल्यानं त्यांचं लग्न कसं काढलं, हे समजायला त्यांना नऊ दिवस लागले. सगळ्या खिवा शहरात ते सगळ्यात शेवटी समजलं ते त्यांनाच.

सुरुवात झाडूनं केली. नवरोज उलटून आठवडा झाला होता. आगा ओसरी झाडत होते आणि झाडूचा दांडा खांबाच्या पायाला जरा जोरात लागला. शिळ्या नानाचा कोपरा मोडावा तसा लाकडाचा एक तुकडा मोडून खाली पडला. आगांनी तो उचलला आणि वास घेतला. आंबट वास आला. पुन्हा घेतला, पुन्हा आंबटच. कुजलेल्या लाकडाला मातीचा वास येतो हे त्यांना माहीत होतं. आंबट वास त्यांच्या अनुभवात बसेना.

आणि त्यांचा अनुभव काही थोडाथोडका नव्हता. चौतीस वर्षं ते कालव्यावर पाण्याची मापं घ्यायला होते. पाणी किती आलं, किती गेलं, मीठ किती, कुठल्या बांधातून झिरपतंय, हे सगळं त्यांच्याकडे. ओल कुठं आहे ते त्यांना नुसतं चालताना बुटाखाली कळायचं, असं ते स्वतः सांगत. आपल्याच ओसरीतल्या खांबाला ओल लागली आहे, हे मात्र झाडूला आधी कळलं.

खरं म्हणजे झाडूच्याही आधी याकूतजानला कळलं होतं. ती अकरा वर्षं म्हणत होती, "अहो, त्या खांबाकडे एकदा बघा." आगा अकरा वर्षं म्हणत होते, "बघतो." गेल्या शरदात याकूतजान गेली, आणि बघायचं राहून गेलं.

खांब होता मोठा देखणा. आगांच्या पणज्यानं बसवलेला, करागाच या चिवट झाडाच्या लाकडाचा, खाली नासपतीसारखा फुगीर, वर निमुळता, आणि अंगभर वेलबुट्टी. उंच ओसरीचं सगळं छत त्या एकट्याच्या डोक्यावर. या नक्षीच्या मधोमध, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक खिळा होता. नक्षीशी त्याचा काही संबंध नव्हता. तो बैलगाडीच्या चाकाचा खिळा होता, करंगळीएवढा जाड.

आगांनी लग्नानंतर तिथं तीन खिळे ठोकले होते, एकामागून एक, आणि तिन्ही पडले. चौथा खिळा याकूतजाननं स्वतः आणला आणि खलबत्त्याच्या बत्त्यानं ठोकला. ठोकून झाल्यावर ती म्हणाली होती, "आता हा निघाला तर छत घेऊन निघेल." पुढं एकतीस वर्षं, एक दिवसाआड, त्या खिळ्याला दह्याचं फडकं टांगलेलं असायचं. खाली चक्क्याचं पाणी ठिबकायचं, वर चक्का घट्ट व्हायचा. तिच्यामागं खिळा रिकामाच होता. आगा बाजारातून चक्का आणत. तो खडूसारखा लागायचा, तरी खात.

तर आगांनी पहिल्याच दिवशी ठरवलं, की खांबाचं काय करायचं ते करू, पण खिळ्याला कोणी हात लावायचा नाही. का, असं कोणी विचारलं नाही, म्हणून त्यांना सांगावं लागलं नाही. पुढं जे झालं ते सगळं या न सांगण्यामुळं झालं, असं त्यांच्या लेकीचं मत आहे. लेकीची बऱ्याच गोष्टींवर मतं आहेत.

उस्ता वैस हे गावातले जुने सुतार. त्यांनी येऊन खांबावर बोटांनी टकटक केली, कान लावला, डोळे मिटले. आगांना वाटलं, आता हे खांबाला जीभ दाखवायला सांगणार. मग उस्तांनी निदान सांगितलं. छत जॅकवर उचलायचं, खांब बाहेर काढायचा, कुजका भाग कापून त्याच लाकडाचा नवा पाय जोडायचा, आणि तळखड्यावर, म्हणजे ज्या दगडावर खांब उभा असतो त्यावर, उंटाच्या दाबलेल्या लोकरीचा नमदा घालून खांब परत ठेवायचा. लोकर ओल वर चढू देत नाही. उचलायला निदान बारा माणसं लागतील. म्हणजे हशर बोलवा.

हशर म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी येऊन फुकट हात लावायचा, आणि घरमालकानं त्यांना पुलाव खायला घालायचा. बारा माणसांना बोलवायचं आणि तेराव्याला नाही, असं हशरमध्ये करता येत नाही. तो तेरावा जन्मभर तोंड फिरवून जातो. हे आगांना माहीत होतं, आणि तरी त्यांनी मनात बारा हा आकडा धरला होता. मापं घेणाऱ्या माणसाचा आकड्यांवर फार विश्वास असतो.

आधी लोकर. उस्तांनी मागितला होता दोन तळहातांएवढा नमदा. बाजारातला लोकरवाला म्हणाला, एवढासा कापून दिला तर उरलेल्याचं मी काय करू, टोपी घालू? घ्यायची तर पुरी गाठडी घ्या. आगांनी गाठडी घेतली, सायकलला मागं बांधली, आणि भर दुपारी मोहल्ल्यातून घरी आले. गाठडी सायकलपेक्षा रुंद होती. गल्लीतल्या बायकांना भिंतीला चिकटून वाट द्यावी लागली. वसंतात एकटा माणूस गाठडीभर उंटाची लोकर नेतो ती कशाला? नव्या रजया भरायला. आणि घरात लग्न असल्याखेरीज नव्या रजया कोण भरतं? हा विचार करायला बायकांना गल्लीच्या टोकापर्यंतही जावं लागलं नाही.

आगांना यातलं काही कळलं नाही. त्यांच्यापुढं वेगळीच अडचण होती. खांब शंभर वर्षांच्या वरचा, त्यामुळं त्याला हात लावायचा तर जुन्या घरांच्या कार्यालयाची परवानगी हवी. अर्ज केला. उत्तर आलं, की तपासणीला बाई येतील, खांबाचा फोटो काढतील, आणि मापाचा अंदाज यावा म्हणून शेजारी एक माणूस उभा करावा. आगांनी विचार केला, फोटो सरकारी फायलीत राहणार, कायमचा. म्हणून त्यांनी केस कापून घेतले, मिशी कातरली, नवी टोपी घेतली आणि कोटाला इस्त्री केली. शेजारचा कुरियाज म्हणाला, बाई येणार तर भिंतीला चुना मार, पडक्या घराला परवानगी देत नाहीत. आगांनी चुनाही मारला.

हा कुरियाज आगांचा लहानपणापासूनचा मित्र, आणि मोहल्ल्याच्या समितीचा मुखिया. सल्ला देणं हा त्याचा हुद्दाही होता आणि स्वभावही. समितीची मोठी कढई त्याच्याकडे असते, आणि ती न्यायची तर वहीत नोंद लागते. नोंदीला दोनच रकाने, शुभकार्य आणि दुःखद. आगांनी सांगितलं, खांब आहे. कुरियाजनं वही उलटसुलट पाहिली. खांबाला रकाना नव्हता.

"दुःखदमध्ये घालू?" कुरियाजनं विचारलं.

आगांना ते बरं वाटेना. त्या रकान्यातली गेल्या शरदातली एक नोंद त्यांच्याच घरची होती. "शुभमध्ये घाल," ते म्हणाले.

कुरियाजनं शुभकार्य या रकान्यात मतनियाज असं लिहिलं, आगांच्या कापलेल्या केसांकडे पाहिलं, कातरलेल्या मिशीकडे पाहिलं, आणि अचानक उठून त्यांना मिठी मारली. आगांना वाटलं, म्हाताऱ्याला माझ्या खांबाबद्दल केवढी आपुलकी. त्यांनीही पाठ थोपटली.

त्याच संध्याकाळी पलीकडच्या घरच्या गुलपोशा ओपा, म्हणजे सगळ्या मोहल्ल्याची ताई, आल्या. मोहल्ल्यातली निम्मी लग्नं ओपांनी जमवलेली आणि उरलेली निम्मी त्यांना नापसंत. त्या फडक्यात गुंडाळलेले दोन नान घेऊन आल्या होत्या. समोर ठेवले आणि जुमागुलची स्तुती करायला लागल्या. जुमागुल किल्ल्याच्या दरवाजाजवळच्या तंदूरवर नान भाजते, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, हात कसा स्वच्छ, स्वभाव कसा शांत. आगा दुपारपासून चुना मारत होते, पोटात काही नव्हतं. त्यांनी मान डोलवत एक नान उचलला आणि मोडला.

ओपा बोलायच्या थांबल्या. डोळ्यांना डोईच्या रुमालाचं टोक लावलं, उठल्या, आणि लगबगीनं निघून गेल्या. स्थळ आणलेल्या बाईसमोर नान मोडला की होकार झाला, हे आगांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नात नान असाच मोडला होता. पण भुकेल्या माणसाच्या ते लक्षात राहत नाही, आणि आपलं स्थळ आलंय हे तर त्यांच्या डोक्यातही नव्हतं. त्यांनी दोन्ही नान खाल्ले. चांगले होते.

तपासणीच्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या. दिलरबा त्यांचं नाव, वयानं आगांच्या लेकीएवढ्या, हातात फाईल, खांद्याला कॅमेरा. आगा खांबाशेजारी ताठ उभे राहिले. गल्लीतून चार डोकी डोकावली आणि पळाली. नवरदेवाचा फोटो काढतायत, ही बातमी दुपारच्या चहाआधी किल्ल्याच्या दुसऱ्या दरवाजापर्यंत गेली.

फोटो झाल्यावर दिलरबाबाईंनी तक्ता भरायला घेतला. एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला नंतरची भर. खांब मूळ. तळखडा मूळ. नक्षी मूळ. मग त्यांची पेन्सिल खिळ्यापाशी थांबली.

"हा काढावा लागेल," त्या म्हणाल्या.

आगा म्हणाले, तो राहू द्या. बाई म्हणाल्या, नंतरची भर दुरुस्तीआधी काढायचा नियम आहे. आगा म्हणाले, एकतीस वर्षं झाली, आता कसली नंतरची. बाई म्हणाल्या, खांबाच्या मानानं एकतीस वर्षं म्हणजे काल. ठेवायचाच असेल तर वेगळा अर्ज करा, त्यात खिळा कोणी बनवला, कोणी ठोकला आणि कशासाठी, ते लिहा. आगांनी तिथंच बसून अर्ज लिहिला. बनवणारा: माहीत नाही. ठोकणारी: पत्नी. उपयोग: चक्का टांगणे.

बाईंनी अर्ज वाचला. मग खिळ्याकडे पाहिलं. मग हळूहळू नजर खाली आणली, सरळ रेषेत, खिळ्यापासून फरशीपर्यंत आणि फरशीवरून उतारानं खांबाच्या बुडख्यापर्यंत. त्या खाली बसल्या, बोटानं लाकूड खरवडलं आणि वास घेतला.

"आगा, तुम्ही नोकरी कुठं केलीत?" त्यांनी विचारलं.

"कालव्यावर. पाणी कुठून झिरपतं ते बघायला."

बाई चांगल्या घरच्या होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त तक्त्यात नुकसानीचं कारण या ओळीपुढं चक्क्याचं पाणी असं लिहिलं. आगांना ते उलटं वाचता आलं, आणि त्यांचे कान नव्या टोपीखाली लाल झाले. एकतीस वर्षं, एक दिवसाआड, त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या चहाच्या पेल्यापासून चार हातांवर. सगळ्या कालव्याची गळती त्यांनी शोधली होती.

आता खिळ्याचं प्रकरण गंभीर झालं. आधी तो नुसती नंतरची भर होता, आता नुकसानीचं कारण ठरला. कारण दूर केल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाल्याचा दाखला नाही. शुक्रवारी हशर आहे ना, त्या दिवशी मी स्वतः येते, खिळा आधी काढू मगच खांब, असं सांगून बाई गेल्या. जाताना अर्ज त्यांनी आगांच्या हातात परत दिला.

शुक्रवारी आगांनी बारा माणसांचे पेले मांडले. नऊ वाजेपर्यंत अंगणात एक्केचाळीस माणसं होती. इस्त्रीचे कोट, रेशमी रुमाल, बायकांच्या हातात मिठाईची ताटं. कुणी डफ आणला होता. कुरियाजनं छातीवर समितीचा बिल्ला लावला होता. आगा मनाशी म्हणाले, खांब काढायला लोक एवढे नटून येतात हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक जण येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवत होता आणि म्हणत होता, चांगलं केलंत, एकट्यानं दिवस जात नाहीत. आगा म्हणत होते, हो ना, कधीचं करायचं होतं, याकूतजानच मागं लागली होती. हे ऐकून दोन म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दिलरबाबाईंनी फाईल उघडली आणि खिळा काढायला सांगितलं. मानाचा पहिला कुरियाज. त्यानं मोठ्या पकडीत खिळ्याचं डोकं धरलं, एक पाय खांबाला लावला आणि ओढलं. पकड सुटली आणि मुखिया बिल्ल्यासकट पुलावासाठी चिरलेल्या गाजरांच्या ढिगात जाऊन बसला. मग एक पहिलवान पुढं आला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, खिळा होता तिथंच. शेवटी नक्षीवर फडकं ठेवून पहार लावली आणि चौघांनी जोर केला. खांब हलला. वरून छताची धूळ पहिल्यांदा दिलरबाबाईंच्या फायलीवर पडली आणि नंतर सगळ्यांवर. बाई घाईनं म्हणाल्या, थांबा.

आगा कोपऱ्यात उभे होते. छत घेऊन निघेल, असं ती म्हणाली होती. तिनं सांगितलेल्या किती गोष्टी त्यांनी ऐकल्या नव्हत्या याचा हिशेब नव्हता, आणि एकेक आता खरी निघत होती. त्यांना हसू आलं. गेल्या शरदानंतर पहिल्यांदाच, आणि तेही नेमकं सगळा गाव धुळीत खोकत असताना.

पण बाई हटणाऱ्या नव्हत्या. निघत नसेल तर लोखंड कापायच्या करवतीनं मुळापाशी कापा, त्या म्हणाल्या. आगांचं हसू गेलं. उस्ता वैस पुढं झाले. ते म्हणाले, आता कापला तर हादऱ्यानं माझा नवा जोड धरणार नाही, खांब उभा राहू द्या, मग जेवणानंतर कापू. असं काही होतं की नाही ते त्यांनाच ठाऊक. बाईंनी मान्य केलं.

जॅक लागले. छत चार बोटं उचललं, टेकू बसले आणि खांब बाहेर आला. उस्तांनी कुजका भाग आधी आखून ठेवला होता. तो कापला, नवा पाय जोडला, पाचरी मारल्या. तळखडा धुतला, त्यावर नमदा पसरला. मग उस्ता करवतीला धार लावायला ओसरीच्या टोकाला गेले. तोवर खांब आडवा, छत टेकूंवर आणि एक्केचाळीस माणसं सल्ला देण्यात मग्न. नेमक्या त्या वेळी अंगणाचं दार जोरात उघडलं आणि आगांची लेक इंतिझार आत आली. शेजारच्या उरगंच शहरातून, बातमी कानावर गेल्यावर तशीच दवाखान्याच्या पांढऱ्या कोटात, टॅक्सीवाल्याला दारात उभं करून.

तिनं चुना मारलेल्या भिंती पाहिल्या. कढई पाहिली. लोकरीची गाठडी पाहिली. बापाची मिशी पाहिली.

"बाबा," ती म्हणाली, "कोण आहे ती?"

आगांनी मागं वळून पाहिलं, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला असावा म्हणून. मागं कुणी नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. वहीतला रकाना, रजया, फोटो, आणि शेवटी गुलपोशा ओपांनी पुढं होऊन सांगितलं, की आगांनी माझ्यासमोर नान मोडला. दोन नान, नुसता मोडला नाही, दोन्ही खाल्ले. एवढा स्पष्ट होकार मी आजवर पाहिला नव्हता. भूक लागली होती, हे उत्तर खरं होतं, पण अशा प्रसंगी ते पुरेसं वाटत नव्हतं.

जुमागुल हशरसाठी टोपलीभर नान घेऊन दाराशीच उभी होती. ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "ओपा, मी तुम्हाला तेव्हाच नाही म्हटलं होतं. नान तर तुम्ही विकत नेलेत. मला माझा तंदूर सांभाळून होत नाही, यांचा खांब कुठं सांभाळू?"

सगळे हसले. आगांनाही हायसं वाटायला हवं होतं. पण जिला आपण मागणीच घातली नव्हती, तिनं चारचौघांत आपल्याला नकार दिला, हे त्यांना जरा लागलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. केस कापल्याचं वाईट वाटलं.

"म्हणजे लग्न नाही?" कुरियाजनं विचारलं. त्याच्या कोटाला गाजराचे तुकडे चिकटले होते.

"खांब आहे," आगा म्हणाले. "खांबाचं मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

इंतिझार आडव्या खांबाजवळ आली. तिला खिळा दिसला. तिनं त्याला बोट लावलं आणि विचारलं, याचं काय करणार. आगा म्हणाले, जेवणानंतर कापणार आहेत. लेकीचा राग कुठं गेला ते तिलाही कळलं नाही. तिनं पांढरा कोट काढला, बाह्या वर केल्या आणि बापाला म्हणाली, तुम्ही तरी काही बोला.

बोलायची वेळ लगेच पुढं आली.

खांब परत उभा करायला सोळा जण लागले. आठ ओसरीच्या आत, आठ अंगणात. वरचं टोक गोल, त्यामुळं खांब कुठल्याही अंगानं बसतो, पण आधी होता तसाच बसवायचा हा नियम. कुरियाज आतून ओरडत होता, उजवीकडे फिरवा. अंगणातला पहिलवान म्हणत होता, उजवीकडेच फिरवतोय. दोघं समोरासमोर उभे होते आणि प्रत्येकाचं उजवं आपापलं होतं. शेवटी अंगणातल्या बाजूची माणसं दांडगी निघाली. खांब गोल फिरला आणि खिळा ओसरीच्या आतून निघून बरोबर अंगणाकडे आला.

आगा बुडख्याशी बसून नमदा सरळ करत होते. त्यांना दिसलं. खांब अजून चार बोटं वर होता, एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. चौतीस वर्षांत त्यांनी एकही चुकीचं माप तसंच जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी मान वर केली. समोर उस्ता वैस करवत हातात घेऊन उभे होते, आणि तेही खिळ्याकडेच पाहत होते. दोघांची नजरानजर झाली. आगांनी नमद्याचा कोपरा सारखा केला.

"सोडा," उस्ता म्हणाले.

जॅक उतरले, छत बसलं, धुळीचा शेवटचा हप्ता पडला आणि डफ वाजला. लग्न नाही तर नाही, कढई तर शुभकार्यातच लिहिली आहे, असं मुखियांनी जाहीर केलं. खांबाभोवती नाच सुरू झाला. पहिलवान नाचला, म्हातारे नाचले, रुसलेल्या गुलपोशा ओपासुद्धा बसल्या जागी खांदे हलवू लागल्या.

पुलावाचं ताट संपत आलं तेव्हा दिलरबाबाईंनी करवतीची आठवण काढली, खांबाकडे पाहिलं आणि घास तसाच हातात राहिला. खांब उलटा बसलाय, त्या म्हणाल्या. फोटोत खिळा आत आहे. पुन्हा उचलावा लागेल.

एक्केचाळीस माणसांनी चावणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

मग मतनियाज आगा उठले. हात धुतले, घरात गेले, आणि कालव्यावरचा जुना ओळंबा, पट्टी आणि चहाची किटली घेऊन आले. खिळ्याच्या टोकाला ओळंब्याचा दोरा बांधला. शिसं ओसरीच्या कडेबाहेर अंगणातल्या मातीवर, पुदिन्याच्या वाफ्यावर जाऊन टेकलं. त्यांनी पट्टी लावली. तळखड्यापासून चार बोटं बाहेर, आणि ओसरीपासून हातभर खाली. मग दोऱ्यावरून किटलीतलं पाणी सोडलं. पाणी वाफ्यात पडलं. तळखड्यावर थेंब नाही.

"नुकसानीचं कारण दूर करायचं, असा नियम आहे ना," आगा म्हणाले. "दूर केलं. खिळा तसाच आहे, पाणी गेलंय. पाणी कुठं जातं ते सांगायची नोकरी मी चौतीस वर्षं केली, बाई. घरी तेवढी करायची राहिली होती."

दिलरबाबाई खाली वाकल्या, तळखड्याला हात लावून पाहिला. कोरडा होता. पुन्हा ताटावर बसल्या आणि तक्ता काढला. बराच वेळ लिहीत होत्या. मग उठून त्यांनी खांबाचा नवा फोटो काढला, अंगणाच्या बाजूनं. मापाच्या अंदाजासाठी शेजारी आगा उभे राहिले. या वेळी बाईंनी इंतिझारलाही उभं केलं.

दाखला पंधरा दिवसांनी आला. आगांनी तो दोनदा वाचला, मग कुरियाजला वाचायला दिला, मग पुन्हा स्वतः वाचला. मूळ घटक या सदराखाली लिहिलं होतं: खांब एक, तळखडा एक, खिळा एक.

उरलेल्या लोकरीची इंतिझारनं एक रजई शिवून घेतली. इतकी जाड झाली, की ती अंगावर घेतली की आगांना कूस बदलता येत नाही.

दाखला आला त्याच सकाळी आगांनी दूध आणून दही लावलं होतं. दुसऱ्या दिवशी ते फडक्यात बांधून खिळ्याला टांगलं. पहिली गाठ सुटली आणि अर्धं दही पुदिन्यात गेलं. उरलेलं त्यांनी पुन्हा बांधलं, या वेळी याकूतजान मारायची तशी दुहेरी गाठ मारून, आणि चहाचा पेला घेऊन समोर बसले. पाणी ठिबकायला लागलं. सवयीनं त्यांचा हात घड्याळाकडे गेला. मिनिटाला अकरा थेंब.

तिचा चक्का मिनिटाला किती गळायचा, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. ते उठले, फडकं जरा सैल केलं आणि पुन्हा मोजायला बसले.

एवढ्यात भिंतीपलीकडून गुलपोशा ओपांचं डोकं वर आलं. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, आगांकडे पाहिलं, आणि जिभेनं चुकचुक केली. म्हणाल्या, "गाठ वर घ्या. याकूतजान वर घ्यायची."

आगांनी गाठ वर घेतली.